मोहाची दारू आणि पुण्याची बिअर : थोडा इतिहास, थोडे वैद्यकशास्त्र

पुण्यात २००९ साली ‘डूलाली’ नावाची मायक्रोब्रुअरी सुरू झाली. महाराष्ट्रातली ती पहिली. बिअर जागेवरच आंबवायची आणि ताजी ताजी गिऱ्हाइकाला द्यायची, असा हा धंदा. पुढे तिच्या शाखा मुंबईतही निघाल्या. नाव आपल्या नाशिकजवळच्या देवळालीवरून आले आहे. तिथल्या छावणीत मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट पाहून गोरे सोजीर वेडेपिसे होत, त्यावरून इंग्रजीत हा शब्द रूढ झाला.

पुण्या-मुंबईत शिकणारी आपली मुले सुट्टीत आली की हमखास विचारतात, “डॉक्टर, ती बिअर ताजी आणि नैसर्गिक, मग आपली मोहाची काय वाईट?” प्रश्न चांगला आहे. पण उत्तरासाठी थोडे मागे जावे लागते.

चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुले रात्रभर गळतात आणि पहाटे वेचली जातात. (याच वेळी अस्वल आणि वाघ यांच्याशी गाठ पडते, मोहफुले वेचायला एकट्याने जाऊ नका, हे दरवर्षी सांगावे लागते.) या फुलात साखर भरपूर. जवापासून बिअर करताना आधी त्याला मोड आणून स्टार्चची साखर करावी लागते, मोहाला ती गरज नाही. फुले वाळवून वर्षभर ठेवता येतात, भाजून खाता येतात, दुष्काळात त्यांवर लोक जगले आहेत. मोह हे आधी अन्न आहे, दारू नंतर.

फुले पाण्यात काही दिवस भिजवली की यीस्ट साखर खाते आणि अल्कोहोल तयार होते. यालाच पोलिसांच्या भाषेत ‘मोहसडवा’ म्हणतात. इथपर्यंत बिअर आणि मोह सख्खे भाऊ. फरक पुढे पडतो. बिअर इथेच थांबते. मोहाचा सडवा मात्र चुलीवर चढतो. अल्कोहोल ७८ अंशांना उकळते, पाणी १०० ला. त्यामुळे वाफेत अल्कोहोल जास्त, आणि ती वाफ गार केली की कडक दारू मिळते. पहिल्या धारेची सगळ्यात कडक. ती किती कडक, हे मोजायला गावात काहीच साधन नसते.

गोंड-माडिया समाजात ही दारू जन्म, लग्न, मरण आणि देवकार्याशी बांधलेली. आधी चार थेंब जमिनीला, पूर्वजांना, मग माणसांना. म्हणून जुन्या काळी कोणी दारूपायी बरबाद होतच नसे, असे मी म्हणणार नाही. पण पिण्याला ऋतू होता, निमित्त होते आणि सोबत अख्खे गाव होते.

१८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले आणि चांदा इंग्रजांकडे गेला. त्यानंतर दारू हा सरकारी उत्पन्नाचा विषय झाला. दुकानांचे लिलाव होऊ लागले. १९१५ मध्ये मध्य प्रांताचा अबकारी कायदा आला. तिकडे मुंबई इलाख्यात १८९२ च्या मोहाच्या कायद्याने ठाणे-कुलाब्यात फुले बाळगण्यावरच बंधने आली. म्हणजे अंगणातल्या झाडाच्या फुलांची दारू घरी केली तर गुन्हा, ठेकेदाराकडून विकत घेतली तर महसूल. माझ्या मते इथेच गाडी घसरली. निमित्ताची दारू रोजची झाली, कारण दुकान रोज उघडते.

स्वातंत्र्यानंतरही दुकाने राहिली. गडचिरोली १९८२ मध्ये वेगळा जिल्हा झाला. तिथे दारूविरोधी चळवळ उभी राहिली. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग तिच्या पुढाऱ्यांत होते, पण तिचा कणा होत्या गावोगावच्या बायका. १९९३ मध्ये जिल्ह्यात दारूबंदी लागू झाली. दारूबंदीची टिंगल करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे, की ही मागणी मार खाणाऱ्या बायकांची होती. चंद्रपुरात २०१० साली पारोमिता गोस्वामी यांच्या नेतृत्वाखाली महिला चिमूरहून नागपूरला पायी गेल्या. १ एप्रिल २०१५ पासून चंद्रपुरातही बंदी आली. पण अवैध विक्री आणि गुन्हेगारीची कारणे पुढे आली, रमानाथ झा समितीचा अहवाल आला आणि मे २०२१ मध्ये मंत्रिमंडळाने ती उठवली. आज शेजारशेजारच्या या दोन जिल्ह्यांत दोन कायदे आहेत.

आता मूळ प्रश्न. लिव्हर फुलाचे नाव विचारत नाही, ग्रॅम मोजते. ५ टक्क्यांच्या ५०० मिलि बिअरमध्ये सुमारे २० ग्रॅम अल्कोहोल असते. मोहाची दारू ३० टक्क्यांची धरली, तर २०० मिलिच्या एका ग्लासात सुमारे ४७ ग्रॅम. म्हणजे दोन मोठ्या मगांहून जास्त, तेही दोन-चार घोटांत. उलट रोज तीन मग ‘हलकी’ बिअर पिणाराही ६० ग्रॅमवर पोहोचतो. अल्कोहोल कॅन्सरकारक आहे, आणि हे बिअर, वाइन, मोह सगळ्यांना लागू आहे.

मोहाने माणूस आंधळा होतो का? निव्वळ मोहफुलांच्या दारूत मिथेनॉल सहसा तेवढे नसते. २०१५ मध्ये मालवणीला शंभराहून अधिक माणसे गेली, ती दारूत आलेल्या मिथेनॉलमुळे. आज भट्टीवर मोहाच्या नावाखाली बऱ्याचदा सडका गूळ आणि नवसागर असतो, आणि वरून काय मिसळले ते विकणाराच जाणे. पिल्यानंतर काही तासांनी, अगदी दुसऱ्या दिवशीही, धूसर दिसू लागले, पोट दुखले, दम लागला तर लिंबूपाणी देत बसू नका, थेट मोठ्या दवाखान्यात न्या. उपचार आहे, पण वेळेत.

दारूबंदीच्या काळात मी एक गोष्ट वारंवार पाहिली आहे. पाय मोडून भरती झालेला माणूस ‘मी घेत नाही’ असे सांगतो, पोलिसांच्या भीतीने. पहिल्या एक-दोन दिवसांत हात थरथरतात, कधी झटका येतो. तिसऱ्या दिवशी त्याला भिंतीवर किडे दिसतात, तो सलाइन उपटतो. घरचे म्हणतात बाहेरची बाधा झाली. ही बाधा नसते. रोजची दारू अचानक तुटल्याने मेंदूची ही अवस्था होते आणि यात जीव जाऊ शकतो. आधी कळले तर औषधे आणि थायमिनची इंजेक्शने देऊन ती बहुतेक वेळा टाळता येते. तेव्हा भरती होताना रोज किती, कोणती आणि शेवटची कधी घेतली, हे डॉक्टरांना खरे सांगा. पेशंट सांगत नसेल तर त्याच्या बायकोने किंवा आईने बाजूला घेऊन सांगावे. केसपेपरवरची ती नोंद उपचारासाठी असते, ठाण्यासाठी नाही.