दया कोणीं करावी, केव्हां करावी



जामखेड तालुक्यांतील खर्डा हें माझें गांव. या गांवाजवळ ११ मार्च १७९५ रोजीं मराठे आणि निजाम यांची लढाई झाली, ही हकीकत मीं शाळेंत कितीएक वर्षें शिकविली. विजयाचें वर्णन करतांना मुलांचे डोळे चमकत, आणि पुढचा भाग आला कीं वर्ग कंटाळे. तो पुढचा भाग असा. तहान्वयें निजामानें आपला दिवाण मुशीरुल्मुल्क यास मराठ्यांच्या स्वाधीन केलें. परंतु त्याच वर्षीं ऑक्टोबरांत सवाई माधवराव निवर्तले, गादीचा तंटा माजला, आणि पुण्याच्या मुत्सद्द्यांस निजामाचें साहाय्य हवेंसें झालें. १७९६ सालीं दिवाण सुटला. पाठोपाठ महाडच्या करारांत, खर्ड्यास जें मिळविलें होतें त्यांतलें पुष्कळसें सोडून देण्याचें कबूल झालें. कैदी सुटला तो कोणास त्याची दया आली म्हणून नव्हे; सोडणारांस त्याची गरज लागली म्हणून.

एकदां एका मुलानें विचारलें, "गुरुजी, मग आतां राष्ट्रपति कोणास माफी देतात, ती तरी दयेनेंच देतात कशावरून?" मीं तास संपल्याचें निमित्त करून उत्तर टाळलें. तें आज देण्याचा प्रयत्न करितों.

आमच्या राज्यघटनेच्या ७२ व्या कलमानें राष्ट्रपतींस आणि १६१ व्या कलमानें राज्यपालांस क्षमेचा अधिकार दिला आहे. शिक्षा माफ करावी, कमी करावी, बदलावी अथवा कांहीं काळ तहकूब ठेवावी, हें सारें त्यांत येतें. या अधिकारास कांठ आहे कीं नाहीं, हा प्रश्न मुंबईंत उभा राहिला, तोहि योगायोगानें ११ मार्च याच तारखेस. मात्र साल १९६०.

ती हकीकत पुष्कळांस ठाऊक असेल. नौदलाचे कमांडर कावस माणेकशा नानावटी यांनीं २७ एप्रिल १९५९ रोजीं, आपल्या पत्नीशीं संबंध ठेवणाऱ्या प्रेम आहुजा या गृहस्थास त्याच्या घरीं जाऊन पिस्तुलाच्या गोळ्यांनीं ठार केलें व मग ते आपण होऊन पोलिसांच्या स्वाधीन झाले. जूरीनें आठ विरुद्ध एक मतानें त्यांस निर्दोष ठरविलें. सेशन्स न्यायाधीशांस तो निर्णय पटला नाहीं; त्यांनीं प्रकरण हायकोर्टाकडे पाठविलें. ११ मार्च १९६० रोजीं हायकोर्टानें खुनाचा आरोप शाबीत धरून जन्मठेप ठोठावली.

त्याच दिवशीं राज्यपाल श्रीप्रकाश यांचा हुकूम निघाला. सुप्रीम कोर्टांतील अपिलाचा निकाल लागेतोंपर्यंत शिक्षा तहकूब, आणि तोंवर नानावटींनीं नौदलाच्या ताब्यांत राहावें! न्यायाधीशांच्या सहीची शाई वाळते न वाळते तोंच हा हुकूम. अटकेचें वॉरंट बजावल्यावांचून परत आलें. पंतप्रधान नेहरूंनीं यांतील आपला भाग लपविला नाहीं. नौदलप्रमुखांच्या विनंतीवरून आपण तसा सल्ला दिल्याचें त्यांनीं जाहीरपणें मान्य केलें. हायकोर्टाच्या पांच न्यायाधीशांच्या विशेष पीठानें हुकूम उचलून धरला.

खरी अडचण पुढेंच आली. अपिलाची परवानगी मागणाऱ्या गुन्हेगारानें आधीं शिक्षेस हजर झालें पाहिजे, तेव्हांच त्याचा अर्ज ऐकूं, असा सुप्रीम कोर्टाचा नियम होता. नानावटींनीं राज्यपालांचा हुकूम दाखवून त्या नियमांतून सूट मागितली. म्हणजे एका हातीं घटनेनें राज्यपालांस दिलेला अधिकार, आणि दुसऱ्या हातीं आपल्यासमोरील प्रकरणांत पूर्ण न्याय करण्याचा, १४२ व्या कलमानें सुप्रीम कोर्टास दिलेला अधिकार. शिक्षा तहकूब करणें दोघांसहि शक्य. मग एकाच वेळीं दोघांनीं दोन हुकूम काढले तर तुरुंगाधिकाऱ्यानें कोणाचें ऐकावें?

५ सप्टेंबर १९६० रोजीं पांच न्यायाधीशांच्या पीठानें बहुमतानें उत्तर दिलें. पूर्ण क्षमा करण्याचा राज्यपालांचा अधिकार अबाधित आहे. ती खटल्यापूर्वीं, खटल्यांत वा नंतर, केव्हांहि देतां येईल. परंतु प्रकरण सुप्रीम कोर्टापुढें असतांना त्या अवधीपुरती शिक्षा तहकूब करावयाची कीं नाहीं, हें कोर्टानेंच ठरवावयाचें. अर्ज दाखल होईपर्यंतच राज्यपालांचा हुकूम चालेल. एकट्या न्यायमूर्ति कपूरांचें मत निराळें पडलें.

ज्यास मोठी गोष्ट करतां येते त्यास लहान कां करतां येऊं नये, असें प्रथमदर्शनीं मलाहि वाटलें होतें. तरीहि बहुमताचाच निकाल मला योग्य वाटतो. पूर्ण क्षमा म्हणजे राज्यपालांनीं उघडपणें घेतलेली जबाबदारी. तहकुबी म्हणजे कोर्टाच्या दाराशीं एका माणसापुरती केलेली आडवाट. आमच्या तालुक्यांतल्या एखाद्या शेतकऱ्यास जन्मठेप झाली असती, तर अपील करण्यापूर्वीं त्याला तुरुंगांत जाऊन बसावें लागलेंच असतें. निकालानंतर नानावटींसहि नौदलाचा ताबा सोडून साध्या तुरुंगांत जावें लागलें.

२४ नोव्हेंबर १९६१ रोजीं अपील फेटाळलें गेलें. पुढें १९६४ सालीं महाराष्ट्राच्या राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित यांनीं त्यांस क्षमा केली, आणि कोर्टाचें काम संपलेलें असल्यामुळें ती कायदेशीरहि होती. त्याच सुमारास भाई प्रताप या सिंधी व्यापाऱ्यासहि माफी मिळाली, त्यावरून लोकांनीं तर्क लढविले ते लढविलेच. नानावटी १९६८ सालीं कानडांत गेले व २००३ मध्यें तेथेंच वारले. पण ते निर्दोष ठरले, असें मात्र कोणी समजूं नये. क्षमेनें शिक्षा जाते, निकालपत्र पुसलें जात नाहीं. १९८८ सालीं केहरसिंगाच्या प्रकरणांत सुप्रीम कोर्टानें हेंच सांगितलें: राष्ट्रपति पुरावा नव्यानें पाहून निराळ्या मतास येऊं शकतात, परंतु कोर्टाच्या निर्णयांत त्यामुळें फेरफार होत नाहीं.

आणखी एक गैरसमज. राष्ट्रपति हा अधिकार स्वतःच्या मर्जीनें चालवीत नाहींत. मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानें चालवितात, हें १९८० सालीं मारूराम प्रकरणांत ठरलें. आणि तो सल्ला जात, धर्म अथवा पक्ष पाहून दिला असेल तर कोर्ट हुकूम रद्द करूं शकतें. २००६ सालीं आंध्राच्या राज्यपालांचा हुकूम तसा रद्द झालाहि. मुशीरुल्मुल्काच्या सुटकेस असें विचारणारें कोणी नव्हतें.

दया करण्यापेक्षां निर्णयच न करणें हें मला अधिक क्रूर वाटतें. कोल्हापूरच्या दोन बहिणींस लहान मुलांच्या हत्यांबद्दल फांशीची शिक्षा झाली. २००६ सालीं सुप्रीम कोर्टानें ती कायम केली. त्यांचे दयेचे अर्ज सुमारें आठ वर्षें लोंबकळून २०१४ सालीं राष्ट्रपतींनीं फेटाळले. फांशीच्या कैद्यास असें टांगून ठेवणें हें शिक्षा बदलण्यास पुरेसें कारण आहे, असा निर्णय सुप्रीम कोर्टानें त्याच वर्षीं दिला होता. त्या आधारें १८ जानेवारी २०२२ रोजीं मुंबई हायकोर्टानें दोघींची फांशी जन्मठेपेंत बदलली. दया केली नव्हती कोणींच. अर्ज नामंजूर झाला, आणि तरीहि केवळ कागद पडून राहिल्यामुळें फांशी टळली. ज्यांचीं मुलें गेलीं त्या आईबापांस हें कोणत्या शब्दांत समजावून सांगावें, तें मला सुचत नाहीं.

तो प्रश्न विचारणारा मुलगा आतां स्वतः वकिली करितो. दिवाळींत गांवीं आला म्हणजे हें भाषण त्याच्या हातीं देणार आहें.