आइन्स्टाइनचा फ्रीज

रात्री सगळी निजानीज झाली की आमच्या स्वयंपाकघरातला फ्रीज घुरघुरायला लागतो. पूर्वी लक्षही जात नसे. एक जुनी गोष्ट वाचल्यापासून मात्र जातं.

१९२६ साली बर्लिनमधलं एक अख्खं कुटुंब, मुलाबाळांसकट, झोपेतच गेलं. फ्रीजच्या पंपाचं सील गळून विषारी वायू घरात पसरला होता. तेव्हाच्या फ्रीजमध्ये अमोनिया, सल्फर डायऑक्साइड असलेच वायू असत. ही बातमी वाचून आइन्स्टाइन हळहळला आणि लिओ झिलार्ड या तरुण मित्राला घेऊन चक्क फ्रीजच्या मागे लागला!

दुखणं होतं एका भोकाचं. मोटर बाहेर, पंप आत, आणि दोघांना जोडणारा शाफ्ट पंपाच्या भिंतीतून आरपार. भोक घट्ट बुजवावं तर शाफ्ट फिरत नाही, सैल ठेवावं तर वायू बाहेर. आजचं मेकॅनिकल सील म्हणजे दोन अतिशय सपाट, गुळगुळीत चकत्या. एक स्थिर, दुसरी शाफ्टबरोबर फिरणारी, स्प्रिंगने एकमेकींवर दाबलेल्या. मध्ये द्रवाचा केसाहून कितीतरी पातळ थर. गंमत म्हणजे तो थर लागतोच, नाहीतर चकत्या घासून जळतात. म्हणजे किंचित गळती गृहीतच.

या दोघांनी शाफ्टच काढून टाकला. बंद नळीत द्रवरूप धातू, बाहेर विद्युतचुंबक. धातूच मागेपुढे होऊन वायू दाबणार. भोक नाही, सील नाही. एईजी कंपनीत १९३१ साली असा फ्रीज चाललाही, पण आवाज फार करायचा. तो बाजारात आलाच नाही. अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकने १९२७ सालीच मोटरसकट सगळं एका बंद डब्यात घातलं होतं. १९३० मध्ये बिनविषारी फ्रिऑन आला. त्याने ओझोनचं काय केलं ते पुढे कळलं आणि १९८७ साली माँट्रियल करार करावा लागला. झिलार्ड-आइन्स्टाइनच्या पंपाची कल्पना मात्र अणुभट्ट्यांत द्रव सोडियम खेळवायला कामी आली.

आपल्या घरातला फ्रीजही मोटर पोटात घेऊनच बसलेला असतो. पण रिफायनरीतल्या बहुतेक पंपांना किंवा गाडीच्या पट्ट्यावर चालणाऱ्या एसीला ती सोय नाही. तिथे अजून सीलवरच भिस्त.

सील नीट असेल तर त्याची आठवण कुणालाच होत नाही. त्या कुटुंबालाही आदल्या रात्रीपर्यंत झाली नसेल.