मंदी, माग आणि ओळख

भिवंडी म्हटले की यंत्रमाग डोळ्यांसमोर येतो. सुताचा भाव, विजेचा दर, कापडाला उठाव आहे की नाही, याची चर्चा येथे रोजच चालते. परंतु मागासमोर उभा राहणारा माणूस या गावी काम शोधीत कसा आला, आणि धंदा बसला म्हणजे तो पुन्हा काम कसे शोधतो, याचा इतिहास क्वचितच लिहिला जातो. मंदीची हकीगत बहुधा मालाच्या भावावरून सांगतात. बेकाराच्या पायपिटीवरून ती पाहिली तर निराळी दिसते.

खरे म्हणजे भिवंडीची विणकर वस्तीच मुळात बेकारीतून वाढली. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडच्या गिरण्यांचे स्वस्त कापड बाजारात आले आणि उत्तर हिंदुस्थानातील हातमाग थंडावले. त्यातच १८५७ च्या उठावानंतरची दडपशाही आणि दुष्काळाची वर्षे. आझमगड, मऊ, बनारस, अलाहाबाद या भागांतील मोमीन विणकर कुटुंबे दक्षिणेकडे निघाली. बऱ्हाणपूर, मालेगाव, धुळे येथे काही थांबली, काही आग्रा रस्त्याने थेट भिवंडीपर्यंत आली. येथे कोकणी मुसलमानांची आणि इतर समाजांची जुनी वस्ती होती, खाडीचे बंदर होते, आणि मुंबईची मोठी बाजारपेठ जवळ होती. आधी एक जण यायचा, हातमागावर बसायचा, मग भावाला, पुतण्याला, गावच्या शेजाऱ्याला बोलावून घ्यायचा. ओळख हीच त्या काळची शिफारसपत्र होती.

मुंबईच्या गिरण्यांतही याहून फार वेगळे नव्हते. गिरणीच्या दरवाजावर रोज सकाळी माणसांची गर्दी जमे आणि जॉबर त्यातून माणसे निवडी. १९२९ नंतरच्या जागतिक मंदीत गिरण्यांनी पाळ्या कमी केल्या, पगार कापले. तेव्हा जॉबरला खूष ठेवल्याखेरीज एक दिवसाची बदलीही मिळणे कठीण झाले. व्हिटली आयोगाने १९३१ च्या अहवालात या पद्धतीवर कडक टीका केली. पुढे १९३५ मध्ये मुंबईत बदली कामगारांना कार्डे देण्याची योजना आली. त्या कार्डाने कायमची नोकरी मिळत नव्हती हे खरे. तरीही बेकार माणसाचे नाव प्रथमच जॉबरच्या मर्जीबाहेरच्या एका वहीत चढले. त्याच दशकात गिरण्यांनी काढून टाकलेले जुने माग भिवंडीत येऊ लागले आणि हातमागाची जागा यंत्रमाग घेऊ लागला. मुंबईचे यंत्र येथे आले, परंतु मुंबईची वही मात्र आली नाही.

याचा खरा अर्थ १९८२ साली कळला. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांनी संप पुकारला. गिरण्या आधीच अडचणीत होत्या, आणि काही मालकांना हा बंद गैरसोयीचा नव्हता. संप महिनोन्महिने लांबला. अनेक कामगार कोकणात, साताऱ्यात, सांगली-कोल्हापुराकडे गावी परतले. ज्यांच्या गावी जमीन नव्हती, ते काम शोधीत फिरू लागले. त्यांतील कित्येकांची वाट भिवंडीला आली, कारण विणण्याची कला हातात होती आणि भिवंडीत माग चालू होते.

किंबहुना माग जोरात चालू होते. संपाच्या काळात गिरण्यांनी आपले कापड यंत्रमागावर विणून घेतले, हे आता सर्वज्ञात आहे. साचेखात्यात वीस वर्षे काढलेला संपकरी भिवंडीत जे कापड विणी, तेच त्याच्या संपाचे बळ कमी करीत होते. त्यास दोष देणे सोपे आहे. परंतु घरी चूल पेटवायची असताना त्याच्यापुढे दुसरा मार्ग कोणता होता?

येथे त्याला काम मिळाले ते ओळखीने. कोणी गाववाला, कोणी जुना सोबती मुकादमाकडे घेऊन जाई. मागावर उभे करून हात पाहिला जाई, आणि त्याच दिवशी काम सुरू होई. अर्ज नाही, मुलाखत नाही, महिनोन्महिने वाट पाहणे नाही. पण आठ तासांच्या पाळीऐवजी बारा तासांची पाळी आली, मजुरी विणलेल्या कापडाच्या मापावर आली. वीज गेली, बीम संपला, की कमाई थांबली. रजा, भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी हे शब्द मुंबईतच राहिले.

याचे कारण केवळ मालकांच्या स्वभावात शोधणे बरोबर नाही. भिवंडीतील कितीतरी मालक दुसऱ्याच्या सुतावर मजुरीने कापड विणून देतात. भाव पडला की प्रथम त्यांचीच मजुरी कापली जाते. दुसरीकडे १९४८ चा फॅक्टरी कायदा विजेवर चालणाऱ्या जागी दहा कामगारांपासून लागू होत असे. म्हणून एकाच छपराखालील माग घरातील निरनिराळ्या नावांवर दाखविण्याची रीत पडली. रिकाम्या जागा रोजगार विनिमय केंद्राला कळविण्याची सक्ती करणारा १९५९ चा कायदाही खाजगी क्षेत्रात पंचवीस किंवा त्याहून अधिक माणसांच्या आस्थापनांसाठीच होता. तेव्हा केंद्रात नाव नोंदवून बसलेल्या तरुणाला लूमच्या कारखान्याकडून बोलावणे कधी यायचेच नव्हते.

काम शोधायलाही पोटात अन्न लागते, ही गोष्ट अर्थशास्त्राची पुस्तके विसरतात. गिरणगावात खाणावळवाल्या बायांनी आणि भिवंडीत भिस्सीवाल्यांनी हा भार उचलला. काम नसलेल्या माणसाला उधारीवर जेवू घालणारी भिस्सी ही या गावची खरी बेकारभत्ता योजना होय. परंतु उधारी फेडण्यासाठी मिळेल त्या मजुरीवर उभे राहावे लागते, हेही तितकेच खरे.

मुंबईचा संप अधिकृतपणे कधी मागे घेतला गेला नाही. एक लाखाच्या आसपास कामगार पुन्हा गिरणीत गेलेच नाहीत. तरी ज्याचे नाव गिरणीच्या हजेरीपटावर होते, त्याला पुढे देणी मागता आली, घरकुलासाठी अर्ज करता आला. भिवंडीच्या मागवाल्यापाशी असा कागद नव्हता. नोव्हेंबर २०१६ मध्ये नोटा रद्द झाल्या आणि रोख मजुरीचा हा धंदा अडखळला. जुलै २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला. मार्च २०२० मध्ये टाळेबंदीने सर्व माग एकदम थांबले. हजारो माणसे पायी नाशिकच्या रस्त्याला लागली. मे महिन्याच्या आरंभी भिवंडी रोड स्थानकातून गोरखपूरकडे श्रमिक गाडी सुटली. ज्यांच्या श्रमावर हे शहर उभे राहिले, त्यांतील अनेकांपाशी आपण येथे किती वर्षे काम केले हे सिद्ध करणारी एक चिठ्ठीही नव्हती. असंघटित कामगारांची देशव्यापी नोंद करणारे ई-श्रम पोर्टल ऑगस्ट २०२१ मध्ये, म्हणजे त्यानंतर, सुरू झाले.

आज मानकोली, पूर्णा, राहनाळ, काल्हेर या भागांत गोदामांची रांग उभी आहे आणि आपल्या मुलांची पावले तिकडे वळत आहेत. तेथेही ठेकेदार आहे, तेथेही ओळख चालते. ओळखीचे मोल कमी लेखू नये. तिने दीडशे वर्षे या गावाला पोसले. परंतु तिने काम मिळते, हक्क मिळत नाही. हक्काला नोंद लागते. म्हणून शाळेने मुलाला अर्ज लिहिण्याबरोबरच पगारपत्रक वाचण्यास, नेमणुकीचा कागद मागण्यास आणि तो जपून ठेवण्यास शिकवावे. पुढची मंदी केव्हा येईल हे कोणी सांगू शकत नाही. ती आली तेव्हा आपला मुलगा कोणाच्या तरी शब्दावर दारात उभा असेल की आपल्या नावाचा कागद हाती घेऊन, हे ठरविणे मात्र बऱ्याच अंशी आपल्या हाती आहे.