प्रेरणा व ऊर्जा : संकल्पनांचा इतिहास

प्रेरणा व ऊर्जा या यामिकीतील (प्रेरणांची पदार्थांवर होणारी क्रिया व त्यामुळे निर्माण होणारी गती यांच्या शास्त्रातील) दोन मूलभूत राशी होत. पदार्थाची स्थिर अवस्था अथवा सरळ रेषेतील एकसमान गती बदलणाऱ्या किंवा बदलू पाहणाऱ्या कारणास प्रेरणा (शालेय पाठ्यपुस्तकांतील रूढ संज्ञा ‘बल’) आणि कार्य करण्याच्या क्षमतेस ऊर्जा म्हणतात. माध्यमिक शाळेत या दोहोंच्या व्याख्या लागोपाठच्या प्रकरणांत येतात; परंतु त्यांची एकमेकींपासून फारकत होण्यास प्रत्यक्षात सु. दोनशे वर्षे लागली. या काळात बहुतेक यूरोपीय भाषांत दोहोंसाठी एकच शब्द वापरला जात असे व त्यातून दीर्घ वाद उद्भवला.

गती टिकविण्यासाठी सतत कारण लागते, हे ॲरिस्टॉटल यांचे मत गॅलिलीओ (१५६४–१६४२) यांच्या कार्यामुळे मागे पडले. त्यानंतर गतिमान पदार्थाच्या अंगी असलेल्या ‘प्रेरणे’चे माप कोणते, असा प्रश्न पुढे आला. रने देकार्त (१५९६–१६५०) यांनी १६४४ मध्ये पदार्थाचे आकारमान व त्याची चाल यांचा गुणाकार हे माप मानले आणि विश्वातील या राशीची बेरीज कायम राहते, असे प्रतिपादन केले. मात्र त्यांनी गतीची दिशा विचारात घेतली नव्हती. क्रिस्तीआन हायगेन्झ (१६२९–९५) यांनी टकरींच्या अभ्यासावरून या नियमातील उणीव दाखविली. तसेच कठीण गोलांच्या टकरीत वस्तुमान व वेगाचा वर्ग यांच्या गुणाकारांची बेरीज बदलत नाही, असे त्यांना आढळले.

लायप्निट्स (१६४६–१७१६) यांनी १६८६ मध्ये देकार्त यांच्या मापावर थेट आक्षेप घेतला. त्यांचा युक्तिवाद सोपा आहे. १ एकक वजनाचा पदार्थ ४ एकक उंच उचलण्यास जेवढे लागते, तेवढेच ४ एकक वजनाचा पदार्थ १ एकक उंच उचलण्यास लागते. म्हणून हे पदार्थ तेवढ्याच उंचीवरून खाली पडले, तर जमिनीशी दोहोंची ‘प्रेरणा’ समान असली पाहिजे. गॅलिलीओ यांच्या नियमानुसार चौपट उंचीवरून पडणाऱ्या पदार्थाचा अंतिम वेग दुप्पट असतो. तेव्हा देकार्त यांचे माप अनुक्रमे १ × २ = २ व ४ × १ = ४ असे विषम येते; उलट वेगाचा वर्ग घेतल्यास दोन्हीकडे ४ येतात. या राशीस लायप्निट्स यांनी पुढे ‘जिवंत प्रेरणा’ असे नाव दिले.

लायडन येथील व्हिलेम स’ग्राव्हेसांडे (१६८८–१७४२) हे प्रथम लायप्निट्स यांच्या मताविरुद्ध होते. त्यांनी १७२२ च्या सुमारास समान आकाराचे परंतु भिन्न वस्तुमानांचे पितळी गोल मऊ मातीवर टाकून पाहिले. उंची वस्तुमानाच्या व्यस्त प्रमाणात ठेवली, की खळगे सारखेच पडत. या पुराव्यामुळे त्यांनी आपले मत बदलले. एमिली द्यू शातले (१७०६–४९) यांनी १७४० मध्ये आपल्या भौतिकीवरील ग्रंथात वर्गाच्या मापाची बाजू मांडली आणि त्यावरून फ्रेंच विज्ञान ॲकॅडेमीचे सचिव मेराँ यांच्याशी त्यांचा जाहीर वाद झाला. न्यूटन यांच्या *प्रिन्सिपिया* (१६८७) या ग्रंथाचा त्यांनी केलेला फ्रेंच अनुवाद त्यांच्या मृत्यूनंतर १७५९ मध्ये पूर्ण स्वरूपात प्रसिद्ध झाला.

दालांबेअर (१७१७–८३) यांनी १७४३ मध्ये हा वाद केवळ शब्दांचा असल्याचे म्हटले. आजच्या परिभाषेत त्याचा उलगडा असा करता येईल : १,००० किग्रॅ. वस्तुमानाची मोटारगाडी सेकंदास १० मी. वेगाने जात असता ५,००० न्यूटन विरोधी प्रेरणा लावली, तर ती २ सेकंदांत व १० मी. अंतरात थांबते. वेग सेकंदास २० मी. असेल, तर ४ सेकंद व ४० मी. लागतात. म्हणजे वेग दुप्पट झाल्यास वेळ दुप्पट, पण अंतर चौपट होते. प्रेरणा व वेळ यांचा गुणाकार संवेगातील (वस्तुमान × वेग) बदल देतो, तर प्रेरणा व अंतर यांचा गुणाकार ऊर्जेतील बदल देतो. दोन्ही पक्षांची मापे आपापल्या जागी योग्यच होती. त्या राशी मात्र भिन्न होत्या.

तथापि एक प्रश्न शिल्लक होता. मऊ पदार्थांच्या टकरीत जिवंत प्रेरणा नाहीशी झालेली दिसे. ती सूक्ष्म कणांत विभागली जाते, मोठे नाणे मोडून सुटे पैसे घ्यावेत त्याप्रमाणे, असे लायप्निट्स यांनी सुचविले होते. पण त्यास प्रायोगिक आधार नव्हता. तो आधार उष्णतेच्या अभ्यासातून मिळाला. काउंट रम्फर्ड यांनी १७९८ मध्ये तोफांना भोक पाडताना घर्षणाने उष्णता सतत निर्माण होत असल्याचे दाखविले. मायर (१८१४–७८) यांनी १८४२ मध्ये उष्णता व यांत्रिक कार्य यांची सममूल्यता मांडली. जूल (१८१८–८९) यांनी पाण्यात वल्ही फिरवून तिचे मापन केले. १ पौंड पाण्याचे तापमान १° फॅ. ने वाढविण्यास ७७२ फूट-पौंड कार्य लागते, हा त्यांचा निष्कर्ष १८५० मध्ये प्रसिद्ध झाला. हेल्महोल्ट्स (१८२१–९४) यांनी १८४७ मध्ये अक्षय्यतेचा नियम व्यापक स्वरूपात मांडला. पण त्यांच्या निबंधाच्या शीर्षकातही ‘प्रेरणा’ या अर्थाचाच जर्मन शब्द होता.

दरम्यान टॉमस यंग (१७७३–१८२९) यांनी १८०७ मध्ये वस्तुमान व वेगाचा वर्ग यांच्या गुणाकारास ‘ऊर्जा’ हे नाव दिले होते. कॉरिऑलिस (१७९२–१८४३) यांनी १८२९ मध्ये ‘कार्य’ ही संज्ञा निश्चित करून जिवंत प्रेरणेच्या सूत्रात १/२ हा गुणक आणला. त्यामुळे ती राशी केलेल्या कार्याएवढी झाली. रँकिन (१८२०–७२) यांनी १८५३ मध्ये ‘स्थितिज ऊर्जा’ ही संज्ञा योजली. ‘गतिज ऊर्जा’ ही संज्ञा टॉमसन (लॉर्ड केल्व्हिन) व टेट यांनी १८६० नंतरच्या दशकात रूढ केली. [→ ऊर्जा].

गतिमान पदार्थात ‘प्रेरणा साठलेली असते’ असे विद्यार्थ्यांस अनेकदा वाटते. वर दिलेला इतिहास पाहता हा गैरसमज बुद्धिमांद्याचा द्योतक नसून, थोर शास्त्रज्ञांनीही पार केलेला एक टप्पा आहे. प्रेरणा ही दोन पदार्थांमधील परस्परक्रिया आहे व ती साठविता येत नाही. पदार्थाजवळ असतात ते संवेग व ऊर्जा.