तारेला ओवलेली कार्डं

(सामुदायिक रेडिओवर झालेलं भाषण)

गटाची बैठक आटोपून, चूल पेटवायच्या आधी जरा टेकला असाल तर ऐका. आज कर्जाचं, हप्त्याचं बोलायचं नाही. आज बोलायचं आहे पोस्टकार्डाबद्दल.

आपल्याकडच्या जुन्या घरात वाशाला एक तार लोंबत असायची. वर आकडा, खाली लाकडाची चकती, आणि मधे ओवलेली पत्रं. मुंबईहून आलेलं प्रत्येक कार्ड वाचून झालं की त्या तारेत जायचं. घर पाडून नवं बांधताना ही तार बहुतेक चुलीत नाहीतर रद्दीत जाते. माझं म्हणणं एवढंच, की तिला हात लावण्याआधी जरा थांबा. त्या तारेत आपल्या गावाचा आणि मुंबईचाही इतिहास ओवलेला आहे, आणि तो दुसरीकडे कुठंही लिहिलेला सापडणार नाही.

आधी कार्ड आलं कुठून ते बघू. जगातलं पहिलं पोस्टकार्ड १८६९ साली ऑस्ट्रिया-हंगेरीत निघालं. आपल्या देशात ते १ जुलै १८७९ रोजी सुरू झालं. किंमत पाव आणा, म्हणजे जुना एक पैसा. रुपयाला चौसष्ट कार्डं. पाकिटातल्या पत्राला त्या वेळी अर्धा आणा पडायचा, म्हणजे कार्ड निम्म्या दरात. पुढच्याच वर्षी, १८८० साली, टपाल खात्याची मनिऑर्डर सुरू झाली. आता या दोन गोष्टी एकत्र धरा. मुंबईत पहिली कापड गिरणी ताडदेवला उभी राहिली ती १८५४ ते ५६ या काळात. नंतर परळ, लालबाग, भायखळा, वरळीकडे धुराडीच धुराडी झाली आणि त्या भागाला गिरणगाव म्हणू लागले. रत्नागिरीकडून, साताऱ्याकडून, पुण्याच्या मावळातून माणसं तिथं गेली. नवरा मुंबईला, बायको-पोरं आणि शेती गावाला. ही दोन ठिकाणी फाटलेली घरं शंभर वर्षं सांधून धरली ती पैशाच्या कार्डानं आणि मनिऑर्डरीनं.

कार्डं दोन प्रकारची. एक साधं, सरकारी, लिहायचं. दुसरं चित्राचं, एका बाजूला फोटो नाहीतर रंगीत चित्र. आधी चित्राच्या कार्डाचं सांगते.

एकोणिसावं शतक संपता संपता चित्रांची कार्डं निघू लागली आणि मुंबई त्यांचं मोठं ठिकाण झालं. आपल्या देवघरातल्या लक्ष्मी-सरस्वतीच्या तसबिरी ज्यांच्यामुळं घरोघर पोचल्या, त्या राजा रविवर्म्यांचा छापखाना १८९४ साली मुंबईत गिरगावात सुरू झाला. पुढं तो घाटकोपरला आणि मग लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. या छापखान्यानं तसबिरींबरोबर कार्डंही छापली. दुसरं नाव महादेव विश्वनाथ धुरंधर. १८६७ साली कोल्हापुरात जन्मले, मुंबईच्या जे. जे. कला विद्यालयात शिकले आणि तिथंच मोठ्या पदाला पोचले. १९०३ च्या सुमारास त्यांच्या चित्रांची कार्डं निघाली. त्यात मुंबईच्या रस्त्यावरची माणसं आहेत. नऊवारीतल्या बायका कशा उभ्या राहतात, पदर कसा घेतात, हे धुरंधरांनी फार बारकाईनं टिपलं.

मग फोटोंची कार्डं. बोरीबंदरचं स्टेशन, क्रॉफर्ड मार्केट, राजाबाई टॉवर, काळबादेवीचा रस्ता, वाळकेश्वरचा तलाव. ही कार्डं घेणारे बहुतेक गोरे साहेब आणि त्यांच्या मडमा. ती विलायतेला जात. पण आज त्यांचा उपयोग आपल्याला होतो. एखाद्या कार्डात घोडे ट्राम ओढताना दिसले तर फोटो विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा किंवा त्याआधीचा समजा. कारण घोड्यांची ट्राम १८७४ साली आली, आणि विजेची १९०७ साली. शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ रोजी दादरला पोचली आणि थांबली. आज दादर टी. टी. म्हणतात ना, त्यातली ही टी. टी. म्हणजे ट्राम टर्मिनस, ट्रामचं शेवटचं ठिकाण. ट्राम गेली, नाव राहिलं.

पण या चित्रांत एक खोट आहे. धुरंधरांच्या कार्डांपैकी एकावर घरकाम करणारी बाई आहे आणि खाली इंग्रजीत छापलंय, नखरेल मोलकरीण. बाईचं नाव नाही, गाव नाही. ती कुणाकडे कामाला होती, महिन्याला काय मिळायचं, पोरं कुठं ठेवून यायची, काही नाही. घेणाऱ्याला काय आवडेल ते खाली छापलं. फोटोतही तसंच. स्टेशन दिसतं, बाजार दिसतो, पण दहा बाय बाराच्या खोलीत पाळीपाळीनं झोपणारे आठ-दहा गिरणीवाले क्वचितच दिसतात. पैसे देणाऱ्याला जे पाहायचं होतं तेवढंच चित्रात आलं. म्हणून चित्राचं कार्ड हातात आलं की दोन प्रश्न विचारायचे. हे कुणी विकलं? आणि कुणी विकत घेतलं?

आता आपल्या तारेवरच्या साध्या कार्डाकडे येऊ. ते विकायला काढलेलं नव्हतं. ते गरजेनं लिहिलेलं होतं. वर मधोमध श्री. मग तीर्थरूप वडिलांना शिरसाष्टांग नमस्कार. इकडील सर्व क्षेम, तिकडील कळवावे. पत्रास कारण की... आणि या कारण की नंतर खरा इतिहास सुरू होतो. पाऊस पडला का, भाताचं काय, बैलाचा पाय बरा झाला का. मनिऑर्डर पोचली का. या महिन्यात खाडे झाल्यामुळं पगार कमी आला. अमक्याचा मुलगा बदलीत लागला. गणपतीला, शिमग्याला रजा मिळेल की नाही ते नक्की नाही. शेवटी वडिलांस नमस्कार, लहानांस आशीर्वाद.

गिरणीच्या हजेरीपटावर माणूस म्हणजे एक बिल्ला नंबर. कार्डात तोच माणूस कुणाचा मुलगा, कुणाचा भाऊ, कुणाचा देणेकरी असतो. शेतीला बी-बियाणं गिरणीच्या पगारातून आलं आणि गिरणीत संप झाला तेव्हा तांदूळ गावाहून गेला, हा हिशोब कुठल्या कंपनीच्या वहीत नाही. तो या कार्डांत आहे.

काही गोष्टी तर न वाचता कळायच्या. कोपऱ्यांना हळदकुंकू लागलेलं असलं की लग्नाचं नाहीतर मुंजीचं बोलावणं. आणि कार्डाचा कोपरा फाडलेला दिसला की घरात वाचायच्या आधीच रडारड. कुणीतरी गेल्याची खबर. असं कार्ड घरात ठेवत नसत, वाचून लगेच फाडून टाकत. म्हणून तारेवर दुःखाची कार्डं सापडत नाहीत. तार वाचताना हे ध्यानात ठेवा. जे उरलं तेवढंच घडलं असं नसतं.

आणखी एक गोष्ट तारेवर कमी सापडते. ती म्हणजे आपण, बाया. पत्ता बहुतेक सासऱ्याच्या नाहीतर दिराच्या नावे. बायकोची आठवण शेवटच्या ओळीत, तीही चि. सौ. ला आशीर्वाद एवढीच. तिला लिहिता येत नसे. उत्तर शाळेतला पोरगा लिहायचा, नाहीतर पोस्टमन. मुंबईतही कित्येकांना लिहिता येत नसे. तिथं जनरल पोस्टाच्या समोर पत्रं लिहून देणारे बसत. म्हणजे एका कार्डावर चार माणसांची तोंडं. शिवाय कार्ड उघडं. पोस्टमन वाचणार, सासरा वाचणार, शेजारी वाचणार. त्यात बाई काय सांगणार? सासरचा जाच, माहेरची आठवण, रिकामं पिंप, हे सगळं सर्व ठीक आहे या तीन शब्दांखाली गाडलं गेलं. म्हणून म्हातारी अजून आहे तोवर तिला विचारा, आजी, हे कार्ड आलं तेव्हा घरात खरं काय चाललं होतं? कार्ड हा अर्धा पुरावा. उरलेला अर्धा आजीच्या तोंडात आहे, आणि तो तारेवर ओवता येत नाही.

बाया फक्त गावाकडेच होत्या असंही नाही. १९२० च्या सुमारास मुंबईच्या गिरण्यांत सुमारे पाचवा हिस्सा कामगार बायका होत्या. वाइंडिंग, रीलिंगच्या खात्यात त्या काम करत. गिरणगावातल्या खानावळी बहुतेक बायकाच चालवत. गावाहून एकटा आलेला कामगार महिन्याचे पैसे देऊन त्यांच्याकडे जेवायचा. संपाच्या काळात उधारीवर जेवण घालून त्या स्वतः सावकाराच्या तावडीत सापडत. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी या खानावळवाल्या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि त्यांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं. आपले बचत गट सगळीकडे व्हायच्या कितीतरी आधी. कार्डात खानावळीचे पैसे थकलेत अशी ओळ सापडली, तर तिच्यामागं अशी एखादी बाई उभी आहे हे समजा.

आता कार्ड कधीचं ते कसं ओळखायचं? तारीख असली तर उत्तमच. नसली तर छापलेलं तिकीट बघा. राजा किंवा राणीचं डोकं असेल तर इंग्रजी अमदानी. दर आण्यात किंवा पैत असेल तर १९५७ च्या आधीचं. नये पैसे लिहिलेलं असेल तर १९५७ ते ६४ मधलं. मग पत्ता बघा. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला. त्याआधी नुसतं मुंबई १२ लिहीत, म्हणजे परळ-लालबाग. मुंबई ४ म्हणजे गिरगाव, मुंबई १४ म्हणजे दादर. आजच्या ४०० ०१२, ४०० ००४, ४०० ०१४ या पिनकोडात तेच जुने आकडे शेवटी बसलेले आहेत. रस्त्यांची नावंही बोलतात. डिलाईल रोडचा ना. म. जोशी मार्ग झाला, एल्फिन्स्टन रोड स्टेशनचं २०१८ साली प्रभादेवी झालं. पत्त्यातली चाळ आज पाडून तिथं टॉवर झाला असेल. तुमच्या आजोबांची खोली, माळा, चाळ जशी होती तशी आता फक्त त्या कार्डावरच आहे.

टपालाचे शिक्केही बघा. एक निघाल्याचा, एक पोचल्याचा. दोन्ही तारखा लागल्या तर लालबागहून तुमच्या गावाला पत्र किती दिवसांत यायचं ते कळतं. पावसाळ्यात जास्त लागायचे का, तेही कळेल.

हे सगळं मी आत्ताच का सांगते? १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या पुढारीपणाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. संप रीतसर मागे कधी घेतलाच गेला नाही. गिरण्या बंद होत गेल्या, माणसं गावाला परतली, कित्येक तिथंच खचून गेली. नंतर गिरण्यांच्या जमिनीवर कामगारांना घरं द्यायचं ठरलं. म्हाडाची पहिली सोडत २०१२ साली निघाली, ६,९२५ घरांची. अर्ज मात्र लाखाच्या वर होते. १ जानेवारी १९८२ ला किंवा त्यानंतर गिरणीत कामाला असलेल्याचा, आणि तो नसेल तर त्याच्या वारसाचा, हा हक्क धरला आहे. वारस म्हणजे कित्येक ठिकाणी गावाकडची विधवा बाई. नवरा कुठल्या गिरणीत, कुठल्या खात्यात होता हे तिला कुणी कधी सांगितलंच नाही.

कार्ड हा सरकारी पुरावा नाही, हे स्पष्ट सांगते. त्यासाठी तिकीट, पगारपत्रक, फंडाची पावती, विमा कार्ड, सेवेचा दाखला असे कागद लागतात. पण कार्डावर गिरणीचं नाव, बिल्ला नंबर किंवा बरोबरच्या गाववाल्याचं नाव सापडलं तर कुठं विचारायचं ते कळतं. पुढची चौकशी म्हाडाच्या कार्यालयातच करा. काम करून देतो म्हणणाऱ्या दलालाला एक रुपया देऊ नका.

तर पुढच्या बैठकीत एवढं करू. प्रत्येकीनं घरी तार, पेटी, फडताळ बघायचं. तार गंजली असेल तर ओढाओढी न करता ती पकडीनं कापून कार्ड सोडवा. चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन करू नका, उन्हात वाळवू नका. दोन्ही बाजूंचे मोबाईलवर फोटो काढा. कार्ड सुती फडक्यात गुंडाळून कोरड्या डब्यात ठेवा. गटाच्या जुन्या वहीत प्रत्येक कार्डासाठी एक ओळ लिहा: कुणी, कुणाला, कुठून, कधी, आणि घरातली वडीलधारी त्याबद्दल काय सांगते. फोटो ग्रुपवर पाठवायच्या आधी घरच्यांना विचारा. कार्डात कुणाचं कर्ज असतं, कुणाचं भांडण असतं, ते चव्हाट्यावर आणायचं नाही.

आपण गटात पै-पैचा हिशोब लिहायला शिकलो. हाही हिशोबच आहे, फक्त तो आधीच्या माणसांचा आहे, आणि तो लिहून ठेवणारं आता आपल्याशिवाय कुणी उरलेलं नाही. तुमच्या वहीत काय काय जमलं ते आम्हाला कळवा. आणि हो, पोस्टकार्ड अजून मिळतं, पन्नास पैशाला. त्याच्यावरच लिहा. या वेळी पत्त्यावर नाव मात्र तुमचं स्वतःचं घाला.