नारायणगावकर तमाशा फड

पुणे जिल्ह्यातील नारायणगाव (ता. जुन्नर) येथील खुडे कुटुंबाने उभा केलेला आणि पिढ्यान्‌पिढ्या चालवलेला ढोलकीफडाचा तमाशा. नारायण खुडे हे त्याचे संस्थापक. पुढच्या पिढीतल्या भाऊ आणि बापू यांच्या काळात तो ‘भाऊ-बापू मांग नारायणगावकर’ या नावाने गाजला आणि भाऊंची कन्या विठाबाई (जुलै १९३५ – १५ जानेवारी २००२) यांच्या काळात ‘विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर’ हे नाव महाराष्ट्रभर घरोघरी पोचले. ध्वनिमुद्रिका, आकाशवाणी किंवा चित्रपट यांच्या बळावर हा फड मोठा झाला नाही. गावोगावच्या यात्रांत आणि तंबूच्या कनातीत रात्र-रात्र केलेल्या खेळांनी त्याला नाव मिळवून दिले आणि त्याच खेळांनी ते टिकवून धरले. महाराष्ट्रातल्या जिवंत प्रयोगाच्या परंपरेत एवढी दीर्घ आणि अखंड वाटचाल केलेली कुटुंबे फार थोडी आहेत.

पुणे–नाशिक रस्ता हे या फडाचे अंगण. चाकण, राजगुरुनगर, मंचर, नारायणगाव, आळेफाटा, संगमनेर अशी या रस्त्यावरची ठाणी. संगमनेरच्या अलीकडे हिवरगाव पावसा हे पवळा हिवरगावकर यांचे गाव लागते. तमाशाच्या बोर्डावर, म्हणजे रंगमंचावर, उभी राहिलेली पहिली स्त्री कलावंत म्हणून त्यांचे नाव घेतले जाते आणि शाहीर पठ्ठे बापूराव यांच्यासोबतची त्यांची जोडी आजही आठवली जाते. तुकाराम खेडकर आणि कांताबाई सातारकर यांचा, आणि नंतर त्यांचे पुत्र रघुवीर खेडकर यांचा फडही संगमनेरचाच. एकाच रस्त्याच्या काठी इतके तमाशे नांदले याचे कारण आजूबाजूच्या गावांत आहे. खेड, आंबेगाव, जुन्नर या तालुक्यांत चैत्र-वैशाखात जवळपास प्रत्येक गावाची यात्रा भरते. ती भैरवनाथाची असो, खंडोबाची असो की म्हसोबाची, रात्री तमाशा नसेल तर यात्रा झाली असे गाव मानत नाही. कलावंतांना पोसणारा हा श्रोतृवर्ग राजदरबारी नव्हता, शहरीही नव्हता. तो कांदा-बटाटा पिकवणारा, बैलगाडा पळवणारा, वर्गणी काढून तमाशा आणणारा होता.

ढोलकीफड आणि संगीत बारी यांतला फरक येथे सांगितला पाहिजे. संगीत बारी थिएटरात किंवा कलाकेंद्रात बसते; पुण्याचे आर्यभूषण किंवा दौंडजवळचे चौफुला ही तिची ठिकाणे. तिथे बैठक असते, लावणी आणि अदाकारी मुख्य असते. ढोलकीफड फिरता असतो, त्यात स्त्री-पुरुष दोघेही असतात आणि त्याचा कळस वगात, म्हणजे नाट्यरूप कथेत, होतो. नारायणगावकरांचा फड या दुसऱ्या प्रकारातला.

भाऊ-बापूंचा काळ तमाशासाठी सोपा नव्हता. स्वातंत्र्यानंतर लगेच मुंबई सरकारने अश्लीलतेच्या कारणावरून तमाशावर बंदी आणली. कलावंतांनी दाद मागितल्यावर ती अटी घालून उठवण्यात आली. त्यानंतर फडांच्या नावांत ‘लोकनाट्य’ हा शब्द आला आणि वगांच्या संहिता लिहून मंजूर करून घेण्याची पद्धत रुजली. ज्या खेळात फडाच्या सरदाराने कथानक सांगायचे आणि नटांनी बोर्डावर उभे राहून संवाद रचायचे, त्या खेळाला कागदाच्या चौकटीत बसणे जड गेले. फडकरी मांग, महार, कोल्हाटी या समाजांतले. मातंग समाजातल्याच अण्णा भाऊ साठे यांनी त्याच काळात तमाशाचा साचा घेऊन कामगारवस्त्यांत लोकनाट्य नेले. नारायणगावकरांनी आपली जात फडाच्या नावात, तंबूच्या फलकावर, मोठ्या अक्षरांत ठेवली. ज्या गावांत त्यांना वेशीबाहेर उतरावे लागे त्याच गावांत रात्री ते नाव पुकारले जाई आणि पंचक्रोशी लोटे. या फडाच्या इतिहासातली ही सर्वांत ठळक गोष्ट आहे.

विठाबाईंचा जन्म पंढरपूरचा. शाळेत त्या रमल्या नाहीत. गण, गवळण, भेदिक, लावणी हे सगळे घरातच ऐकत त्या वाढल्या आणि लहान वयातच बोर्डावर उभ्या राहिल्या. कोणा गुरूकडे गंडा बांधून त्यांनी शिक्षण घेतले नाही. त्या नाचत, गात आणि वगात मुख्य भूमिकाही करत. तिन्ही गोष्टी एकाच दमात आणि एकाच रात्री करण्याची ताकद हे त्यांचे वैशिष्ट्य. पुढे फडाची मालकी त्यांच्याकडे आली आणि कलावंतांचे पगार, मोटारी, तंबू आणि सुपाऱ्या म्हणजे ठरवलेले खेळ, हे सगळे त्यांनाच पाहावे लागले. शासनाकडून आणि राष्ट्रपतींकडून त्यांचा गौरव झाला.

त्यांच्याविषयीची एक हकीकत महाराष्ट्रात सर्वत्र सांगितली जाते. दिवस भरलेले असताना त्या खेळ करत होत्या. कळा सुरू झाल्या तशा त्या आत गेल्या, बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा बोर्डावर येण्याच्या तयारीला लागल्या. प्रेक्षकांना हे समजले तेव्हा त्यांनीच हात जोडून खेळ थांबवायला लावला. ही कथा बहुधा कलेवरच्या निष्ठेचे उदाहरण म्हणून सांगतात, आणि ती निष्ठा खरीच होती. पण तीत तमाशातल्या कष्टांचा हिशेबही आहे. सुपारी घेतलेली असते, खेळ पडला तर गाव पैसे देत नाही, पैसे आले नाहीत तर शंभर माणसांची चूल पेटत नाही. नवव्या महिन्यात रजा देणारे तिथे कोणी नव्हते. विठाबाईंच्या थोरवीचा विचार करताना ही बाजू गाळली तर त्यांच्यावर अन्याय होतो. योगीराज बागूल यांनी ‘तमाशा विठाबाईच्या आयुष्याचा’ या चरित्रात त्यांचे हे सारे आयुष्य मांडले आहे.

खेळाची रचना परंपरेने ठरलेली आहे. दुपारी मोटारी गावात येतात, बोर्ड उभा राहतो, मागे कलावंतांची पाले पडतात. रात्री ढोलकी, हलगी, तुणतुणे आणि झांज यांच्या सलामीने सुरुवात होते. ढोलकीवाला आणि हलगीवाला यांची जुगलबंदी हा स्वतंत्र भाग मानावा इतका रंगतो, आणि मागे बसलेला शेतकरीही कोणता हात सरस पडला हे अचूक सांगतो. मग गण, त्यानंतर गवळण. गवळणीत राधा आणि तिच्या सख्या, त्यांना अडवणारा कृष्ण, पेंद्या आणि पुरुषाने वठवलेली मावशी. नंतर रंगबाजी म्हणजे गाणी, लावण्या आणि नाच, मध्ये बतावणी आणि शेवटी दोन-तीन तासांचा वग. गाणाऱ्यामागे उभे राहणारे सुरते किंवा झीलकरी ओळीचा शेवट उंच स्वरात उचलून धरतात. ध्वनिक्षेपक नसतानाच्या काळात शेवटच्या रांगेपर्यंत गाणे पोचवण्याचे काम या झीलेने केले. सोंगाड्या गावात उतरल्यापासून कान उघडे ठेवतो. सरपंच कोण, पाणी किती दिवसांनी येते, गाड्याची बारी कोणाची बसली, हे टिपून तो रात्री त्याच गावावर बोलतो. म्हणून एकाच फडाचा एकच वग दोन गावांत कधी सारखा झाला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी हजेरी, म्हणजे पुन्हा एक खेळ, आणि दुपारी कुस्त्यांचा आखाडा. हजेरी उरकली की बिऱ्हाड पुढच्या गावाला.

जगाच्या दुसऱ्या टोकाला याच रीतीने वाढलेले संगीत म्हणजे ब्लूज. अमेरिकेच्या दक्षिणेत कापसाच्या शेतांवर राबणाऱ्या काळ्या मजुरांनी ते घडवले. तिथेही एकाने हाक द्यायची आणि इतरांनी उचलायची, ओळी ठरलेल्या पण त्यांतले बोलणे जागच्या जागी घडवायचे, आणि उपेक्षितांच्या गाण्याने सगळ्यांनी रिझायचे. लुइझियानातल्या कुळाच्या घरात १९३६ मध्ये जन्मलेले बडी गाय हे विठाबाईंहून वर्षभराने लहान. २०११ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या महिंद्रा ब्लूज महोत्सवात ते वाजवून गेले. याच महिंद्रा उद्योगसमूहाचा मोटारींचा कारखाना चाकणला आहे. कारखान्याच्या आसपासच्या गावांना मात्र ब्लूजच्या तोडीचे गाणे सुमारे ४५ किलोमीटरवरून, नारायणगावाहून, कित्येक वर्षे येत आले होते. ब्लूज पुढे रॉकमध्ये मिसळले, गोऱ्या तरुणांनी ते उचलले आणि मूळ गायकांनाही उशिरा का होईना जगभर व्यासपीठ मिळाले. तमाशाच्या वाट्याला ते आले नाही, आणि त्याला कारण कलेतली उणीव नव्हती.

नारायणगाव खगोलशास्त्रज्ञांना जवळच्या खोडदच्या महाकाय रेडिओ दुर्बिणीमुळे ठाऊक आहे, व्यापाऱ्यांना टोमॅटोच्या बाजारामुळे. यात्रा कमिट्यांना ते ठाऊक आहे राहुट्यांमुळे, आणि म्हणूनच त्याला तमाशाची पंढरी म्हणतात. पाडव्याच्या आधी काही आठवडे राज्यातले फड येथे आपापल्या राहुट्या थाटतात. राहुटीवर फडाचे नाव आणि कलावंतांची छायाचित्रे, आत व्यवस्थापक आणि तारखांची वही. गावकारभारी येतात, दोन-चार राहुट्या हिंडतात, यंदा नवा वग कोणता, नाचायला मुली किती, सोंगाड्या तोच आहे का असे विचारतात, घासाघीस करतात आणि सुपारी देतात. गुढीपाडव्याला गर्दी सर्वांत जास्त. फडाच्या वर्षाचा नफा-तोटा बराचसा या दिवसांत ठरतो. दसऱ्याला मोठे फड तंबू घेऊन बाहेर पडतात आणि तिकिटावर खेळ करतात. चैत्रात यात्रांच्या सुपाऱ्यांचे खेळ सुरू होतात आणि वैशाख संपता संपता हंगाम मिटतो. पावसाळ्यात काम नसते. तेव्हा कलावंत पुढच्या हंगामासाठी मालकाकडून उचल घेतात, आणि ती देण्यासाठी मालक स्वतः व्याजाने पैसे काढतो. मोठ्या फडात शंभरावर माणसे असतात. नट आणि वादक यांच्याबरोबर बोर्ड बांधणारे, चालक, स्वयंपाकी, दिवाबत्ती पाहणारे असे सगळे त्यात आले. हा डोलारा कर्जावरच उभा असतो, आणि विठाबाईंचा फडही त्याला अपवाद नव्हता.

चाकणच्या औद्योगिक वसाहतीने या यजमान गावांचे रूप पालटले. महाळुंगे, निघोजे, खराबवाडी, नाणेकरवाडी, सावरदरी, वासुली इथल्या शिवारांवर मोटारींचे आणि सुट्या भागांचे कारखाने आले. शेतकऱ्याचा मुलगा पाळीवर जाऊ लागला, आणि खोल्या घेऊन राहणारा मराठवाडा-विदर्भातला, उत्तरेतला कामगार गावात मूळ रहिवाशांइतकाच दिसू लागला. यात्रा थांबल्या नाहीत. जमिनीचा पैसा आल्यावर काही ठिकाणी त्या अधिक मोठ्या झाल्या. बदलली ती मागणी. वगापेक्षा गाणी हवीत, गाण्यांतही चित्रपटातली हवीत, असा आग्रह वाढला. फडात ऑर्गन, ड्रम आणि ऑक्टोपॅड आले आणि तुणतुणे मागे सरकले. तमाशाऐवजी ऑर्केस्ट्रा किंवा डीजे आणणाऱ्या कमिट्याही निघाल्या. नाइलाज असला तरी यात एक मोठी हानी झाली. वग आखडला, आणि वगाबरोबर जागच्या जागी संवाद रचण्याची विद्याही आखडली. ही विद्या कोणत्याही नाट्यशाळेत शिकवली जात नाही.

चित्रपटाशी तमाशाचे नाते देवघेवीचे राहिले, पण देवघेव सारखी नव्हती. ‘सांगत्ये ऐका’ (१९५९), ‘पिंजरा’ (१९७२), ‘नटरंग’ (२०१०) या चित्रपटांनी फडाचे जग पडद्यावर नेले, सुलोचना चव्हाण यांच्या आवाजाने लावणी मध्यमवर्गीय घरांत पोचवली. प्रत्यक्ष फडावरचा कलावंत त्या प्रकाशात क्वचितच आला. उलट त्याला पडद्यावरची लावणी फर्माइशीखातर बोर्डावर सादर करावी लागली.

रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद ठेवण्याच्या, २००० सालच्या नियमांचा फटका तमाशाला इतर कोणत्याही कलाप्रकारापेक्षा अधिक बसला. पूर्वी खेळ सुरूच त्या सुमारास होई आणि तांबडे फुटेपर्यंत चाले. पालखी-छबिना उरकून गाव मोकळे होईपर्यंत आता वेळ संपलेली असते. त्यानंतर आली करोनाची महासाथ. २५ मार्च २०२० हा गुढीपाडव्याचा दिवस, आणि देशव्यापी टाळेबंदीचा पहिला दिवसही तोच. पुढच्या वर्षी पाडवा १३ एप्रिलला आला आणि १४ तारखेला राज्यात पुन्हा कडक निर्बंध लागले. सलग दोन वर्षे यात्रा भरल्या नाहीत. उचल दिलेली होती, कर्ज डोक्यावर होते आणि खेळ एकही नव्हता. मे २०२१ मध्ये कांताबाई सातारकर गेल्या आणि विठाबाईंच्या बरोबरीची पिढी जवळजवळ संपली.

विठाबाईंची अखेरची वर्षे हलाखीची होती. आजारपणात दवाखान्याचा खर्च भागवायला लोकांच्या मदतीवर अवलंबून राहावे लागले. ज्यांच्या खेळाला हजारोंची गर्दी होई, त्यांच्याकडे म्हातारपणासाठी काही शिल्लक नव्हते. फड मात्र त्यांच्याबरोबर संपला नाही. थोरली कन्या मंगला बनसोडे यांनी स्वतःचा फड उभा केला आणि पुत्र नितीनकुमार यांच्यासह तो राज्यातल्या अग्रगण्य फडांत नेला. विठाबाईंच्या नावाचा फड नातू मोहित नारायणगावकर यांच्या पिढीने पुढे चालवला. महाराष्ट्र शासनाने २००६ मध्ये विठाबाईंच्या नावाने तमाशा क्षेत्रासाठी जीवनगौरव पुरस्कार सुरू केला. कांताबाई सातारकर आणि मंगला बनसोडे या दोघींनाही तो मिळाला आहे.