तपकिरी रंगाचे फोटो आणि आपली माणसे

हल्ली एखादा फोटो जरा वेगळा दिसला की लगेच कुणीतरी म्हणते, "ही सगळी फोटोशॉपची करामत!" फोटोशॉप बाजारात आले १९९० साली. फोटो जोडून नवा फोटो करण्याची करामत मात्र त्याच्या सव्वाशे वर्षे आधीची आहे, आणि ती आपल्या मुंबईच्या फोटोंतही झालेली आहे.

मुंबईत १८५४ साली बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी हेही तिचे एक सभासद. याच मंडळींतल्या विल्यम जॉन्सनने मुंबईत दिसणाऱ्या जातीजमातींच्या फोटोंचे दोन खंड काढले, एक १८६३ साली, दुसरा १८६६ साली. त्यांतले फोटो नीट न्याहाळले तर गंमत कळते. माणसे एकीकडे टिपलेली, पाठीमागचे दृश्य भलतीकडचे, आणि दोन्ही जुळवून केलेले एक चित्र!

त्या काळी काचेवर रसायन लावून, ते ओले असतानाच फोटो घ्यायचा आणि लगेच धुवायचाही. बाहेर जायचे म्हणजे अंधारी खोली तंबूत घालून बरोबर न्यायची. माणसांनी काही सेकंद दगडासारखे बसायचे. अशा वेळी जोडकाम सोयीचेच. इंग्लंडमध्ये रेजलॅण्डरने तर १८५७ साली तीसाहून जास्त निगेटिव्ह जोडून एकच मोठे चित्र केले होते.

तपकिरी रंगाचीही एक गोष्ट आहे. 'सेपिया' हा शब्द आपल्या म्हाकुळाच्या जातीतल्या समुद्री प्राण्याच्या शाईवरून आला. फोटोतल्या चांदीचे सल्फाइड केले की रंग तपकिरी होतो आणि फोटो जास्त टिकतो. म्हणजे फोटो जुना होऊ नये म्हणून केलेला हा उपाय. आज आपण नवा फोटो जुना दिसावा म्हणून तोच रंग एका क्लिकवर चढवतो.

हे सगळे आठवायचे कारण, आपल्या कुटुंबाच्या मेळाव्यासाठी कोलाज करण्याचे काम माझ्याकडे आले आहे. देवरूखच्या घरातले फोटो स्कॅन केले, एकावर एक लेअर ठेवायला नातवाने शिकवले. आजोबांचा एकच फोटो आहे, १९३२ सालचा, मुंबईच्या स्टुडिओतला. आजीचाही एकच, १९५८ सालचा, आलवणातला. दोघांचा एकत्र फोटो नाही. पुतण्याचा आग्रह की दोघांना एका बाकावर बसवू, रंग सारखा करू, कडा फाटक्या दाखवू. करायला अर्धा तास पुरे. पण मग त्या बाकावर तिशीतल्या नवऱ्याशेजारी साठीची विधवा बसणार! मधली सव्वीस वर्षे पुसली, तर आजीने ज्या हिमतीने घर चालवले तीही पुसली जाईल. म्हणून दोघांना वेगवेगळ्या चौकटींत ठेवले आहे, आणि खाली साल लिहिले आहे.

जॉन्सनच्या खंडांत मला खुपते ते जोडकाम नव्हे. तिथे बहुतेक चित्रांखाली जातीचे नाव आहे, माणसाचे नाही. कॅमेऱ्यासमोर श्वास रोखून बसलेली ती माणसे कुणाची आजी, कुणाचे काका असतील. आज ती फक्त नमुने म्हणून उरली आहेत.

आपल्याही पेटीत असे फोटो आहेत. १९४० च्या सुमारास वाड्यासमोर काढलेल्या एका गटात अकरा माणसे आहेत. त्यांतली सात मला ओळखता येतात. उरलेल्या चौघांना ओळखू शकतील अशी आपल्या नात्यात आता दोनच माणसे आहेत, आणि दोघीही नव्वदीच्या पुढे. मेळावा मे महिन्यात आहे. तोवर थांबू नका. ज्याला जमेल त्याने या आठवड्यातच तो फोटो घेऊन त्यांच्याकडे जावे, आणि नावे मऊ पेन्सिलीने, हलक्या हाताने, मागच्या बाजूला लिहून आणावीत. रंगाचे मी बघतो.